काळ्या कोटातली सहा माणसं तुझ्याकडे का बघताहेत?

वर्गाचा ग्रुप फोटो म्हणजे काय धमाल असते, नाही? उंच मुलं मागे, बुटकी पुढे, बाई मधल्या खुर्चीवर. कुणाचे तरी नेमके डोळे मिटतात. कुणीतरी पुढच्याच्या डोक्यावर शिंगं धरतं. फोटोवाले काका म्हणतात, "हं, इकडे बघा!" आणि खटॅक! झालंसुद्धा!

पण समज, कॅमेरा नावाची वस्तूच जगात नाही. मग?

मग तो फोटो हातानं रंगवायचा! एकेक नाक. एकेक भुवई. एकेक बटण. बसा आता दिवसच्या दिवस!

युरोपात नेदरलँड्स नावाचा एक चिमुकला देश आहे. तिथल्या लोकांना डच म्हणतात. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी या डच लोकांना असे रंगवलेले ग्रुप फोटो काढून घ्यायचं भारी वेड होतं. त्यांना आपण समूहचित्रं म्हणू या. शहराची राखण करणारे शिपाई, अनाथाश्रमाचे कारभारी, डॉक्टरमंडळी, सगळे आपापलं समूहचित्र काढून घेत आणि कचेरीच्या भिंतीवर टांगत. राजा नाही, राणी नाही, नुसती शहरातली कामकरी मंडळी! पैशांसाठी चक्क वर्गणी काढत. आणि काही वेळा ज्याची जागा ठळक, त्याची वर्गणीही जास्त! फोटोत पुढे बसायचे जादा पैसे. आहे की नाही मज्जा?

त्यातलंच एक चित्र आज आपण पार नाक लावून बघणार आहोत. शहर अॅमस्टरडॅम. चित्रकार रेम्ब्राँ. साल १६६२.

१६६२! तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं, ओळख बघू!

शाइस्तेखान पुण्यात लाल महालात ठाण मांडून बसला होता! शिवाजी महाराजांचा छापा पडायला अजून काही महिने अवकाश होता. म्हणजे खानाची सगळी बोटं तेव्हा शाबूत होती!

तर, चित्र. घरातल्या मोठ्या माणसाला सांग आणि शोधून समोर ठेव. डच भाषेत त्याचं नाव 'दे स्टालमेस्टर्स'. ते आहे १९१ सेंटिमीटर उंच आणि २७९ सेंटिमीटर रुंद. घराची तीन दारं एकमेकांना चिकटवून आडव्या ओळीत उभी केली, की साधारण तेवढं!

काय दिसतंय? सहा माणसं. सगळ्यांचे कपडे काळेकुट्ट. गळ्यात पांढऱ्याशुभ्र, पसरट कॉलरी. पाच जणांच्या डोक्यावर मोठ्ठ्या काळ्या हॅट. समोर एक टेबल आणि टेबलावर लालभडक गालिचा.

थांब थांब, गालिचा टेबलावर? चुकून का?

अजिबात नाही! असे गालिचे दूर पूर्वेकडच्या देशांतून यायचे आणि भयंकर महाग असायचे. त्यावर पाय द्यायचा कुणाचा जीव होईल? म्हणून डच लोक ते टेबलावर अंथरत. सगळ्यांना दिसावेत आणि चिखलही लागू नये!

आता तू म्हणशील, ही माणसं करतात तरी काय? नुसतीच बघत बसलीत!

सांगते. ही माणसं कापड तपासतात!

खरंच! अॅमस्टरडॅममध्ये लोकरीच्या कापडाचा मोठा धंदा होता. कापड रंगवलं जाई आणि मग विकलं जाई. पण रंग नीट बसलाय की नाही, हे ठरवायचं कुणी? दुकानदार तर म्हणणारच, "एकदम पक्का रंग, ताई! डोळे मिटून न्या!" म्हणून शहराच्या महापौरांनी पाच तपासनीस नेमलेले असत. नेमणूक एका वर्षाची. गुड फ्रायडेला कामाची सुरुवात. आठवड्यातून तीनदा त्यांनी एकत्र जमायचं, चांगल्या कापडाचा नमुना हातात घ्यायचा आणि आलेलं कापड त्याच्याशी ताडून बघायचं.

मग निकाल. तो कागदावर नाही हं! कापडाला शिशाची छोटीशी चकती लावलेली असे, नाण्याएवढी. पकडीसारख्या हत्यारानं ती दाबली की तिच्यावर ठसा उमटे. एका बाजूला शहराचा, दुसऱ्या बाजूला कापडवाल्यांच्या संघाचा. आणि गंमत काय, माहीत आहे? उत्तम कापडाला चार ठसे! त्याखालच्याला तीन, मग दोन. अगदीच सुमार असेल तर एकच! आईच्या सोन्याच्या बांगडीच्या आत बारीक हॉलमार्क कोरलेला असतो ना, त्याचीच ही पणजी म्हण.

हे तपासनीस फक्त दोनच रंगांचं कापड बघत. निळं आणि काळं.

तुला वाटेल, काळ्यात काय बघायचं? काळं म्हणजे काळं!

छे! काळा रंग सगळ्यात लबाड. तेव्हा पक्का, गडद काळा हवा असेल तर कापड आधी निळ्या रंगात बुडवावं लागे! मग त्यावर दुसरे रंग चढवायचे, तेव्हा कुठे ते खोल काळं होई. म्हणजे काळ्याच्या पोटात निळा लपलेला! तो निळा कमी पडला तर काळ्याचाही पचका. म्हणूनच दोन्ही रंग एकाच मंडळीकडे.

आता आणखी एक ओळख. निळ्या रंगासाठी नीळ लागते. ती कुठून जायची?

आपल्याकडून! गुजरातमधल्या सरखेजची नीळ तेव्हा फार नावाजलेली होती. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं ती भरभरून युरोपात नेत. याच कंपनीची एक वखार आपल्या कोकणात, वेंगुर्ल्यालाही होती. तिच्या पडक्या भिंती आजही तिथे आहेत. तळकोकणात गेलात तर बाबांच्या मागे लाग, बघायला मिळतील.

आता पुन्हा चित्राकडे ये आणि त्या काळ्या कोटांकडे नीट बघ. सगळे कोट सारखेच काळे आहेत का? नाहीत! कुठे काळा मऊ दिसतो, कुठे चकाकतो, कुठे जरा तपकिरीकडे झुकतो. काळं कापड तपासणाऱ्यांचं चित्र आणि त्यात इतके नाना तऱ्हेचे काळे! मला तर वाटतं, रेम्ब्राँ मनातल्या मनात हसत असणार. "तपासा म्हणावं आता माझाही काळा!"

बरं, सहा माणसं आणि तपासनीस पाच. मग सहावा कोण?

शोध! हॅट कुणाच्या डोक्यावर नाही?

सापडला? मागे, मधोमध उभा आहे तो. त्याचं नाव फ्रान्स हेंड्रिक्स बेल. तो या मंडळींच्या कचेरीचा सेवक. त्याच्या डोक्यावर हॅट नाही, नुसती डोक्याला चिकटून बसणारी टोपी. तेव्हा घरातही हॅट घालून बसणं हा मोठ्या माणसांचा मान होता, आणि नोकरानं त्यांच्यासमोर हॅट घालायची नाही. बघ, एका हॅटवरून कळतं साहेब कोण आणि शिपाई कोण!

पण माझा सगळ्यात लाडका तोच. का, ते करूनच बघ. चित्रातल्या बेलवर अंगठा ठेव. काय झालं? मधे एकदम भगदाड पडलं! उरलेली डोकी दोन घोळक्यांत तुटली. अंगठा काढ. पुन्हा सगळं जुळलं! साहेबलोकांना धरून ठेवलंय शिपायानं.

आणि ही जागा रेम्ब्राँला सहज सापडली नव्हती बरं का! हे आपल्याला कसं कळलं, ऐक.

चित्राचा एक्स-रे काढला! हो, पडून हात मोडल्यावर काढतात तोच! क्ष-किरण मऊ मांसातून आरपार जातात आणि टणक हाडाशी अडतात, म्हणून हाड पांढरं दिसतं. रेम्ब्राँच्या काळी पांढरा रंग शिशापासून बनवत. (पुन्हा शिसंच! ठशाच्या चकतीतही तेच आणि चेहऱ्याच्या रंगातही तेच. विषारी असतं मात्र, हं.) शिसं क्ष-किरणांना अडवतं. त्यामुळे चेहऱ्यावर, कॉलरवर जिथे जिथे पांढरा वापरला, ते सगळं एक्स-रेत उमटतं. वरून दुसरा रंग फासून झाकलं तरी उमटतं! चित्रकाराची खोडाखोड अशी शेकडो वर्षांनी पकडली जाते.

काय सापडलं असेल? रेम्ब्राँनं बिचाऱ्या बेलला इकडून तिकडे हलवलं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा! "इथे उभा राहा. नको, तिथे. छे, परत इकडे." तेव्हा कुठे आत्ताची जागा ठरली. या चित्रासाठी त्यानं आधी केलेली रेखाटनंही शिल्लक आहेत, आणि त्यातली काही तर हिशेबाच्या वहीच्या कागदावर आहेत!

रेम्ब्राँ तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, नामवंत चित्रकार. त्यानं 'नाइट वॉच' नावाचं प्रचंड समूहचित्र १६४२ मध्येच रंगवलं होतं. पण हातात पैसा टिकेल तर शपथ! १६५६ मध्ये त्याचं दिवाळं वाजलं आणि घरदार, चित्रांचा संग्रह, सगळं विकावं लागलं. तरी कापड-तपासनिसांनी त्यालाच बोलावलं. चांगला माल ओळखणं हा तर त्यांचा धंदाच होता!

आता त्या टेबलाकडे बघ. काहीतरी विचित्र आहे. टेबलाची कड दिसते, गालिचा खाली लोंबताना दिसतो, पण टेबलाचा वरचा भाग? तो दिसतच नाही!

असं केव्हा होतं? जमिनीवर मांडी घालून बसलं आणि बाईंच्या टेबलाकडे मान वर करून बघितलं, तर! रेम्ब्राँला ठाऊक होतं की हे चित्र कचेरीत उंचावर टांगणार. बघणारे खालून बघणार. म्हणून त्यानं टेबलही खालूनच दिसेल असं काढलं. केवढी हुशारी! त्यामुळे चित्र सपाट वाटतच नाही. वाटतं, भिंत तिथे फोडलीय आणि पलीकडे खरीच माणसं बसलीत.

गालिच्याचा कोपरा तर जवळून बघायलाच हवा. लांबून वाटतं, काय बारीक विणकाम काढलंय! आणि जवळ गेलं की? विणकाम गायब! नुसते लाल, नारिंगी, पिवळसर रंगाचे जाडेभरडे फटकारे. रंग इतका जाड की उंचवटे तयार झालेत आणि खरा उजेड त्यांच्यावर पडून चमकतो. दोन पावलं मागे सरक, झाला पुन्हा गालिचा! त्याच गालिच्यावर रेम्ब्राँनं आपली सही केलीय आणि साल टाकलंय, १६६२.

आणि मागच्या लाकडी भिंतीवर, उजवीकडे वर, एक छोटं चित्र रंगवलेलं दिसतं. चित्रात चित्र! त्यात एक उंच मनोरा आहे आणि त्यावर आग पेटलेली. रात्री जहाजांना वाट दाखवणारी आग. ती कधी विझू द्यायची नाही, राखणाऱ्यानं डुलकी काढायची नाही. तपासनिसांच्या डोक्यावर नेमकं हेच चित्र! म्हणजे न बोलता सांगितलं, "आम्ही डोळ्यांत तेल घालून काम करतो, बरं!"

आता येतं सगळ्यात मोठं कोडं. ही माणसं बघताहेत कुणाकडे?

हे कोडं सुटता सुटेना! एकोणिसाव्या शतकात थोरे नावाच्या एका फ्रेंच लेखकानं चित्र बघून एक गोष्टच रचली. त्याला वाटलं, समोर मोठी सभा भरलीय आणि कुणीतरी काहीतरी बोललंय. लोकांना ती गोष्ट भलतीच आवडली. पुढच्यांनी तिला तिखटमीठ लावलं. सभेत कुणी उठून आडवा प्रश्न विचारला म्हणे! हिशेबात घोळ आहे म्हणे! म्हणून मधले साहेब पुस्तकावर हात उघडून सांगताहेत, "हे बघा, सगळं इथे लिहिलंय." कान देऊन ऐकलं तर भांडणच ऐकू येईल, अशी रंगवून रंगवून गोष्ट सांगत.

आणि मग १९५६ मध्ये फान दे वाल नावाच्या डच अभ्यासकानं फुग्याला टाचणी लावली. त्याचं म्हणणं सोपं होतं. हे तपासनीस सभा घेतच नसत! ते आपले बंद खोलीत बसून कापड बघत. श्रोते नाहीत, प्रश्न नाही, भांडण नाही. समोर कुणीच नाही!

फुस्स!

मग ती नजर कुणाकडे? मला विचारशील तर उत्तर सोपं आहे. चित्रासमोर जो उभा राहील, त्याच्याकडे! १६६२ मध्ये कचेरीचं दार उघडून आत येणाऱ्या कापडवाल्याकडे. आणि आज तुझ्याकडे! फान दे वालचं बरोबरच आहे, सभा नव्हती. पण थोरेलाही मी हसणार नाही. चित्रातलं माणूस आपल्याकडे असं बघायला लागलं की आपल्याला वाटतंच, आपण काहीतरी बोललो बहुतेक!

बरं, ही पाच जणं एकमेकांसारखी होती का? कपड्यांवरून तर अगदी एकाच ठशातली. पण आतली गोष्ट वेगळीच! सगळे ख्रिस्ती, पण पंथ निरनिराळे. दोघे कॅथलिक होते, उरलेले तिघे तीन वेगळ्या पंथांचे. त्या काळी पंथावरून युरोपात भयंकर लढाया होत. अॅमस्टरडॅममध्ये तर कॅथलिकांना उघडपणे प्रार्थनाही करता येत नसे. घराच्या माळ्यावर गुपचूप देवळं थाटावी लागत. आणि इथे? सगळे एका टेबलाला टेकून, एकाच पुस्तकावर! कापडाचा रंग गेला की तो सगळ्या पंथांच्या कोटावरून सारखाच जातो ना!

हे चित्र १७७१ पर्यंत त्यांच्या कचेरीतच होतं. आता ते अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम नावाच्या भल्यामोठ्या संग्रहालयात आहे. त्याच संग्रहालयाच्या संग्रहात आणखी कुणाचं चित्र आहे, सांगू? शिवाजी महाराजांचं! सतराव्या शतकात दक्षिण भारतात, गोवळकोंड्याला काढलेलं. ते ज्या चित्रसंग्रहात आहे तो होता विट्सेन नावाच्या माणसाकडे, आणि हा विट्सेन कोण? अॅमस्टरडॅमचा महापौर! रेम्ब्राँ स्वतः कधी भारतात आला नाही, पण मुघल चित्रं त्याच्याही हाती लागली होती. ती बघून बघून त्यानं शाहजहान बादशहा वगैरे मंडळी कागदावर उतरवली. अशी वीसहून जास्त रेखाटनं आजही आहेत.

आता एकच माणूस राहिला. डावीकडून दुसरा. फोल्कर्ट यान्स त्याचं नाव. बाकीचे साहेब बसलेत, आणि हा? ना धड उभा, ना धड बसलेला! एक्स-रेत दिसलं की याची उभं राहायची तऱ्हाही रेम्ब्राँनं बदलली होती. आधी तो ताठ उभा होता. मग त्याला असा अर्धवट वाकवला. त्याच्यावर अंगठा ठेवून बघ, उरलेल्या हॅट कशा एका रांगेत येतात! हाच पठ्ठ्या मधे डोकं वर काढतो आणि चित्राला हलवतो.

पण तो उठतोय की बसतोय? लोक यावर अजून वाद घालतात!

तू एक कर. खुर्ची घे, टेबलापाशी बस, हातात जाडसं पुस्तक धर. अर्धवट उठ आणि तसंच थांब. ताईला किंवा दादाला मोबाइलवर फोटो काढायला सांग. मग बसता बसता मधेच थांब, आणखी एक फोटो. भार कोणत्या हातावर पडतो? पाठ कुठे वाकते? मान कुठे वळते? दोन्ही फोटो फोल्कर्टशेजारी ठेव आणि ताडून बघ. मी घरी करून पाहिलं, माझं मत आहे उठतोय. आमच्या घरातले बाकीचे सगळे म्हणतात बसतोय!